साडूभाऊंचं कुरण

आमच्या साडूभाऊंवर न जळता माणसाला जगता येतं, हे कुणी मला पटवून दिलं तर मी त्याला गुरू मानीन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, राहणार रेणापूरजवळ. त्यांच्या वाट्याला आला बरड माळ. माझी जमीन काळी, विहिरीखालची. तरी सासुरवाडीत कौतुक त्यांचंच. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लोक शहराकडे धावले, कुणी नोकरीसाठी, कुणी प्लॉटसाठी. साडूभाऊ शेतकी खात्याच्या नव्या कचेरीत गेले आणि पिशवीभर गवताचं बी घेऊन आले. माळावर त्यांनी मारवेल लावलं, पवन्या पेरला. गवत पेरणारा शेतकरी म्हणून पंचक्रोशी हसली; सगळ्यांत मोठ्यानं मी. त्यांची कापणीही न्यारी. मधून सुरुवात करून कडेकडे यायचं, म्हणजे आत दडलेल्या सशाला पळायला वाट राहते. तित्तरीण अंड्यांवर बसली असेल तर तेवढा तुकडा उभाच. एकदा मी तिथं खोकलो, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "पाव्हणं, हळू. बाळंतीण हाय." हरणं चरून जातात म्हटलं, तर म्हणाले, "त्यांचा घास धरूनच पेरलंय की."

पुढं दुष्काळ पडला. माझी विहीर तळाला गेली, कडबा संपला, गायींच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी दोन्ही गायी हाकत रेणापूर गाठलं. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, पण साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लई वाळली ओ ही," आणि दोघींना कुरणात सोडलं. गवत वाळून पिवळं पडलं होतं, पण उभं होतं. माझ्या गायी चरत होत्या, पलीकडे हरणं चरत होती, आणि कुणी कुणाकडे मान वर करून बघत नव्हतं. मला तर गायींचासुद्धा हेवा वाटला.

पाऊस झाल्यावर गायी परत आणल्या, त्यांच्यासोबत मारवेलाचे ठोंबही आणले आणि पडीक तुकड्यात लावले. गवत कमरेला लागलं, पण हरणाचा पत्ता नाही. निरोप धाडला तसे साडूभाऊ एसटीनं आले. मी चहा आणायला घरात गेलो. कप घेऊन येतो तर हे बांधावर खांबासारखे उभे. "आत्ताच एक काळवीट येऊन गेलं," ते कुजबुजले.

रान माझं, गवत माझं, आणि दिसलं कुणाला?

"मला हाक का नाही मारली?" मी चिडून विचारलं.

"हाक मारल्यावर ते थांबलं असतं व्हय? बसा. येईल माघारी."

आम्ही गवतात बसलो. सडकेवर शेवटच्या गाडीचा भोंगा वाजला.

"तुमची गाडी चालली," मी म्हणालो.

"जाऊ द्या. तुमच्या रानात पहिल्यांदा आलंय ते. तुम्हाला दिसाया पाहिजे."

काळवीट काही पुन्हा आलं नाही. चहा निवून गेला, अंधार पडला, आणि तरीही त्यांच्या शेजारून उठावंसं मला वाटेना.