रंगवलेली कणीक

ताईंनी फक्त माझ्या कणकेत लाल रंग ओतला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. बदलापूरच्या एका सभागृहात आम्हा बालवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण चाललं होतं. पाटीवर गिरवून घेऊ नका, पोरांना हातांनी करू द्या, असं शिकवायचे. मला ते मनापासून पटलं होतं. त्या दिवशी सगळ्या जणी पराती घेऊन कणीक मळत होतो. थोडी पोरांना आकार करायला, बाकीच्या कणकेच्या दुपारी जेवायला पुऱ्या.

शिकवणाऱ्या ताई माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"कुठली गं तू?"

"उल्हासनगर. कॅम्प पाच."

"सिंधी वाटत नाहीस."

"मराठी आहे."

"आडनाव?"

सांगितलं. ताईंनी माझ्या परातीकडे पाहिलं. मग हसल्या. "किती मऊ मळलीस! हीच राहू दे मुलांच्या खेळायला." आणि रंगाची बाटली उपडी केली.

मी "थँक्यू ताई" म्हटलं. खूश झाले. गाढव कुठली!

जेवायला शेजारी हेंद्रेपाड्याची एक शिक्षिका होती. मान खाली घालून पुटपुटली, "तुझी कणीक येगली काढली. कललं नाय का तुला?"

तोंडात पुरी होती. त्यांच्या कणकेची. मी ती गिळली. उठले नाही. ताटातल्या उरलेल्याही खाल्ल्या, सगळ्यांसोबत ताट धुतलं. लाज वाटली ती ताईंची नाही, माझीच. दीक्षा घेतलेल्या घरातली मी, रोज त्रिशरण म्हणणारी, आणि अपमानाला शाबासकी समजले. घरी आईने विचारलं, "काय शिकवलं आज?" मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

प्रशिक्षणाचा दाखला मिळाला तरच बालवाडीची नोकरी पक्की होणार होती. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. पुन्हा पराती. ताई बाटली घेऊन सरळ माझ्याकडेच आल्या. मी परातीवर आडवा हात धरला.

"आज माझ्या कणकेच्या पुऱ्या तळा. नाहीतर सगळ्यांचीच रंगवा."

"अगं, यात जातीचा काय संबंध?"

"जात मी काढलीच नाही, ताई."

सगळ्या मान खाली घालून मळत राहिल्या. हेंद्रेपाड्याचीसुद्धा.

"माफी माग. नाहीतर दाखला विसर."

मी उठले. धीट-बिट काही नव्हते मी. पण माफी मागितली नाही.

दाखला गेला, नोकरीही गेली. वस्तीतल्या विहारात मी पोरं जमवली, बिनपगारी. पद्धत तीच ठेवली. चांगली आहे ती, काही ताईंच्या मालकीची नाही.

लाज मात्र गेली नाही. अजून कुणी "छान" म्हटलं की आधी माझं काय वेगळं काढलंय ते शोधते.

पोरांना मी गाणी शिकवीन, आकार शिकवीन. आणि हेही शिकवणारच. कुणी गोड बोलून वेगळं काढलं, तर त्याच घासाला उठायचं. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.