हिनं सांगितलेला कोच

"चेंडूकडं काय बघताय? ज्याच्याकडं चेंडू न्हाई त्याच्याकडं बघा."

शेवटच्या संध्याकाळीसुद्धा आमची ही मला हेच म्हणाली. आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो. समोर मैदानात पोरांचा सराव चालला होता. हिच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं आपली विड्या वळत होती. मी वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधत होतो. टांगा विकल्यापासून मला तेवढंच काम उरलं होतं.

विड्या वळणाऱ्या बाया तुम्ही बघितल्या असतील. हात चालू असतो आणि डोळे मोकळे. दुसऱ्या बाया त्या डोळ्यांनी रस्ता बघतात, शेजारणीच्या घरात कोण आलं ते बघतात. हिनं तीस वर्षं फुटबॉल बघितला. नगरला लष्कराच्या कॅम्पामुळं फुटबॉलचं वेड जुनं, आणि आमच्या घराची मागची बाजू नेमकी मैदानाला लागून. ही शाळेची पायरी चढली नाही. मी दुसरीपर्यंत गेलो. ऑफसाइड म्हणजे काय हे मला हिनं शिकवलं, सुपात विड्या मांडून.

चेंडू कधी कधी उडून आमच्या ओट्यावर यायचा. एकदा सुपातच पडला, सगळी तंबाखू अंगणभर. पोरं लांबूनच ओरडली, "मामी, चेंडू द्या." हिनं चेंडू पदराखाली घेतला. "ज्यानं मारला त्यानं यावं." तो आला, मान खाली घालून. त्याला वाटलं तंबाखूवरून शिव्या पडणार. ही म्हणाली, "डाव्या अंगाला तुझा मानूस मोकळा हुता की रं. आभाळात कशाला मारलास?"

आता माझं सांगतो, ते चांगलं नाही. गल्लीत मला फुटबॉलचा जाणकार म्हणत. हुसेनभाईच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी वाद चालायचा. वाद मिटला नाही की म्हणायचे, "मामांना विचारा." मामा म्हणजे मी. मी चहा संपवायचो, मिशी पुसायचो, आणि हिनं आदल्या दिवशी सांगितलेलं बोलायचो. "डावा बॅक दमलाय. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतोय." सामन्यात नेमका तोच उघडा पडायचा. हुसेनभाई माझ्या चहात दूध जास्त घालायचा. हिचं नाव मी कधी घेतलं नाही. बायकोनं सांगितलं तेच बोलतो म्हणून हसले असते.

तिला माहीत होतं. एकदा म्हणाली, "मंग, काय म्हनले तुमचे लोक माझ्या बोलन्याला?"

मी म्हणलं, "तुझ्या कशाला? माझ्या."

"बरं, तुमच्या. पटलं ना त्यास्नी?"

पटलं म्हणलं की ती खूश. तिला तेवढंच पुरतं, असं मी धरून चाललो होतो.

पाकिस्तानशी लढाई संपली आणि आमच्या टीमचा कोच गेला. कॅम्पातला हवालदार होता, संध्याकाळी येऊन पोरांना शिकवायचा. त्याची बदली लांब उत्तरेला झाली. टपरीवर मग दुसरा विषय नाही. नवा कोच कोण?

किराणा दुकानवाले तात्या म्हणाले, "पुन्याचा आना. इथल्या मानसाचं इथलं पोरगं ऐकत न्हाई."

हुसेनभाई म्हणाला, "पुन्याचा येनार एस्टीनं. तो उतरंपर्यंत अंधार पडंल."

कुणीतरी शाळेतल्या ड्रिल मास्तरांचं नाव काढलं. तात्या म्हणाले, "ते पोरांना झकास रांगेत हुबं करतील. गोल कोन करनार?"

ही म्हणत होती, कंडक्टरला करा. हा आमच्याच गल्लीतला, एस्टीत कंडक्टर, पूर्वी आमच्या टीमचा बॅक. शेवटच्या सामन्यात त्यानं आपल्याच जाळीत चेंडू घातला होता. त्यानंतर त्यानं खेळणं सोडलं. त्याच्या गाडीत बसलं की लोक अजून म्हणायचे, "जरा सांभाळून, गाडी उलटी न्याल."

मी हिला म्हणलं, "अगं, त्याचं नाव काढलं तर मला टपरीवर बसू देनार न्हाईत."

"तो खेळायचा तवा बाकीचे धा जन नीट खेळायचे. तुमी त्या गोलानंतरचं बघितलंच न्हाई. सगळे त्याला शिव्या देत हुते. त्यानं जाळीतनं चेंडू काढला, मधी नेऊन ठिवला आन एकेकाला दंडाला धरून जागंवर हुबं केलं. रडत हुता, तरी केलं. सांगा तुमी."

आठ दिवस सांगा म्हणत होती. मी रोज टपरीवर जायचो आणि जीभ वळायची नाही. त्या शेवटच्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, "मामा, आता तुमी बोला. तुमी म्हनाल तसं." सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणलं, "पुन्याचाच बघा."

संध्याकाळी ओट्यावर तिनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"हसले?"

"थोडं."

"हसू द्या. ऐकतील."

तिचा हात थांबला. उजेड असताना तिचा हात थांबलेला मी कधी बघितला नव्हता. ती मैदानाकडं बघत होती, तोंडावर हसू होतं. मग म्हणाली, छातीत जळतंय. मी पाणी आणायला आत गेलो. दिवे लागायच्या आत ती गेली.

लेक बेलापूरला दिलेली. कंडक्टरची त्या बाजूच्या गाडीवर ड्यूटी होती, तोच निरोप घेऊन गेला. म्हणून नेणं सकाळवर राहिलं.

सकाळी माणसं पुढच्या ओट्यावर लेकीची वाट बघत बसली होती. बसलेली माणसं किती वेळ गप्प राहतील? तात्या हळूच हुसेनभाईला म्हणाले, "पुन्याला पत्र आजच टाकू. मामांचाही तोच शब्द हाय."

मी उठलो. "तो माझा शब्द न्हाई. कंडक्टरला करा. ही म्हनत हुती. आन आजवर टपरीवर मी जे काय बोललो, ते सगळं हिचं."

तात्यांनी मला खांद्याला धरून बसवलं. "मामा, असं हुतं. मानूस गेलं की सगळं त्याचंच वाटतं."

"वाटत न्हाई. हाय."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. हुसेनभाईनं पाणी दिलं. मी परत सांगितलं. ते आजाऱ्यापुढं हलवतात तशी मान हलवत राहिले. पंचवीस वर्षं माझी खोटी गोष्ट त्यांनी ऐकली होती. खरी एक ऐकेनात.

कंडक्टर लेकीला घेऊन आला. ती आत धावली. तो खाकी कपड्यांतच, दारात उभा. मी त्याला बाजूला घेतलं आणि हिनं सांगितलेलं सगळं सांगितलं, चेंडू मधे नेऊन ठेवल्याचं, दंडाला धरल्याचं.

तो म्हणाला, "ते तर कुनीच बघितलं न्हाई, मामा."

"हिनं बघितलं."

मग तिरडी उचलली आणि ती कलली. पुढं तात्या ताडमाड, बाकीचे ठेंगणे. कंडक्टर म्हणाला, "थांबा. खाली ठेवा. तात्या, तुमी मागं या, मी तुमच्याएवढा उंच, मी येतो तुमच्या जोडीला. हुसेनभाई, तुमी पुढं, डाव्या अंगाला. खांदा बदलायचा तवा मी सांगतो. आपल्या मनानं कुनी सोडायचं न्हाई."

तात्या मुकाट्यानं मागं गेले.

माझ्या हातात मडकं दिलं. मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं, मी बघितलं नाही. मी चालायला लागलो. मागून त्याचा आवाज येत होता, "हळू. सगळे एका पावलानं," आणि कुणाचं पाऊल चुकत नव्हतं.