बिळात ठेवायची मूठ

वाशी गावाजवळच्या डोंगरात कोणतं बीळ मुंगसाचं, कोणतं रानउंदराचं, हे ओळखायला गोरोबाला वाकावंही लागत नसे. एवढी एकच विद्या त्याच्यापाशी होती आणि गाव तिला हसत आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात मात्र तिला भाव आला. शहरातल्या कॉलेजातून एक सर रानउंदीर मोजायला आले आणि त्यांनी गोरोबालाच कामावर घेतलं.

संध्याकाळी चाळीस पिंजऱ्यांत भाजलेले शेंगदाणे ठेवायचे, उजाडताच सरांबरोबर पिंजरे बघत फिरायचं. सर उंदराच्या पाठीवरचे चार केस कातरून खूण करत आणि तिथंच सोडायला लावत. खुणेचे किती पुन्हा सापडतात, यावरून ते एकूण उंदरांचा अंदाज बांधत. सुटलेला उंदीर तडक आपल्या बिळात घुसे. गोरोबा ते बीळ हेरून ठेवी आणि घरी बायकोला, केशरबाईला, सांगे. विहिरीच्या पाण्यावर तगलेल्या एका तुकड्यातली ज्वारीची कणसं उंदरांनी तिथं नेऊन साठवली होती. दुपारी केशरबाई बीळ उकरी. घरात लेकीच्या दोन पोरी होत्या आणि मडकी रिकामी होती.

"मूठभर दाणं आत ठिवत जा," तो दर वेळी बजावी. उकरलेल्या बिळात एक मूठ उंदरांसाठी मागं ठेवायची, ही त्याच्या बापापासूनची रीत.

"ठिवते की," ती म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात पिंजरे रिकामे येऊ लागले. सर हैराण झाले. "गोरोबा, गेले कुठं सगळे?"

"दुष्काळ हाय, साहेब."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचं बोलणं लिहून घेत होतं, आणि नेमकं तेच लबाडीचं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन त्यानं विचारलं, "मूठ ठिवलीस का न्हाय?"

"एक मूठ म्हंजी एका पोरीचा घास. तुमीच सांगा, हात कसा उघडू?"

त्या दिवशी तो जेवला नाही.

सकाळी शेवटच्या पिंजऱ्यात एक उंदीर निघाला. नुसता हाडांचा सापळा, पाठीवर कात्रीची खूण. सरांना कोण आनंद झाला. त्यांनी नोंद केली आणि सोडायला सांगितलं. गोरोबानं दार उघडलं. उंदीर बाहेर आला, जरा घुटमळला आणि वळून पुन्हा पिंजऱ्यात शिरला. उरलेला शेंगदाणा कुरतडत बसला.

"हा पळत का नाही?" सरांनी विचारलं.

गोरोबा पिंजऱ्यापाशी बसला. "कुठं जाईल, साहेब? त्याचं घर आमी खाल्लं. वहीतलं ते दुष्काळाचं खोडा. म्या सांगतो ते लिव्हा."