शेवटच्या गाण्यासाठी राखलेली फिल्म

मुलांनो, तुमची फोटोग्राफर मावशी, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, गेली काही वर्षं बडोद्यातल्या गाणाऱ्या पोरांचे फोटो काढते आहे. लग्नात किंवा नवरात्रात गाणारी नव्हेत. स्वतः गाणी रचून फतेगंजच्या तळघरांत, कुणाच्या गॅरेजमध्ये ती ओरडून म्हणणारी. त्यातले निम्मे शब्द मला कळत नाहीत, तरी मी तिच्याबरोबर जाते.

तिची एक रीत आहे. कॅमेरा जुना, फिल्मचा, आणि तो पिशवीतून निघतो फक्त शेवटच्या गाण्याला. "तोवर पोरं माझ्यासाठी पोझ देतात, आत्या. दमली की मला विसरतात." मला ही शिस्त आवडत असे.

एका संध्याकाळी अकोट्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नागरवाड्यातला एक मुलगा गायला. त्याच आठवड्यात तो नोकरीसाठी कॅनडाला जाणार होता. मराठी, गुजराती, हिंदी सगळं मिसळून त्याची गाणी, आपण घरी बोलतो तशीच. भाची त्याला प्रथमच ऐकत होती.

"एक तरी आत्ताच काढ," मी कुजबुजले.

"थांब गं, अजून तो माझ्याकडेच बघतोय."

"आता शेवटचं," असं तो म्हणाला तेव्हा कुठे तिने कॅमेरा काढला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"बस करा भाई! टाकीतलं पाणीसुद्धा गरबा खेळतंय. तिसऱ्या मजल्यावर मुलीची बोर्डाची परीक्षा आहे."

"काका, एकच गाणं," तो मुलगा म्हणाला.

"मग आत्तापर्यंत काय आरती चालली होती?" म्हणत त्यांनी प्लग उपटला. सगळे हसले. तोही हसला आणि वायर गुंडाळू लागला.

"आता तरी काढ," मी भाचीला म्हटलं.

"वायर गुंडाळणाऱ्याचा काय काढू?" तिने लेन्सला झाकण लावलं.

गेल्या महिन्यात फतेगंजला तिच्या फोटोंचं प्रदर्शन झालं. त्या मुलाच्या आई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. प्रत्येक फोटोपुढे थांबत गेल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरल्या. मग भाचीजवळ येऊन म्हणाल्या, "बेन, आमचा कुठे लावलाय?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. शेवटचं गाणं झालंच नाही, म्हणून फोटोही नाही, हे मीच सांगितलं.

"हो का," त्या म्हणाल्या. "तिकडे आता गात नाही म्हणतो. म्हटलं, इथे तरी दिसेल."

त्यांना चहा विचारायचंही आम्हा दोघींना सुचलं नाही.