मिस्त्रींचा कान

आळे गावचे मिस्त्री विहिरीवरची पाण्याची मोटार तपासताना स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरायचे आणि टोक चालू मोटारीला टेकवायचे. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, हे दातांत. क्षणभर डोळे मिटायचे आणि बेअरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय ते सांगून मोकळे व्हायचे. बघणाऱ्याला हसू यायचं, पण त्यांचं निदान चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

बोलणं मोजकंच. गिऱ्हाइकाला आधी उजेडात समोर उभं करायचे, मगच तक्रार विचारायचे. मागून हाक मारली तर ओ देत नसत. निम्म्या गावानं त्यांना शिष्ट ठरवलं होतं, आणि त्या निम्म्यात मीही होतो. "आवाज म्हंजे दुखणं न्हाई, कण्हणं हाय. दुखणं दुसरीकडंच असतंय," एवढं एक वाक्य मात्र ते सगळ्यांना ऐकवायचे.

दोन हजारनंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. आळेफाट्यावर माझं लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, म्हणून मी हौसेनं पुण्याहून पाण्यानं थंड होणारा कूलर बसवून आणला. प्रोसेसरवर छोटा पंप, त्यातून निघालेल्या दोन नळ्या आणि वरच्या बाजूला पंख्यांचा रेडिएटर. महिनाभर बरा चालला, मग अशी घरघर सुरू झाली की टेबलावरचा कपसुद्धा थरथरायचा. विकणारा म्हणाला, नवीन घ्या. शेवटी पंप तो पंपच, असं म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. तरी नेहमीसारखी मूठ दातांत धरून पंपाला, रेडिएटरला, पत्र्याला टोक लावून झालं. कॅबिनेट मी टेबलाच्या कप्प्यात आडवं घातलं होतं, ते त्यांनी बाहेर काढून उभं केलं. म्हणाले, "पंपात हवा अडकलीय. पाइपाच्या बुडच्या फुटव्हॉल्व्हनं हवा घेतली की हिरीवरची मोटारबी अशीच घुरघुरती." मशीन चालू ठेवूनच त्यांनी ते हळूहळू दोन्ही बाजूंना कलतं केलं, तशी हवा वर रेडिएटरकडे सरकली आणि पंप शांत झाला. बारीक थरथर उरली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून त्यांनी रेडिएटर आणि पत्र्याच्या मध्ये घातले, स्क्रू बेतानं आवळले आणि कॅबिनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

मशीन तपासावं म्हणून मी एका वरातीचं चित्रण लावलं. स्पीकर मोठा राहिला होता. बँडच्या दणक्यानं मीच दचकलो. मिस्त्री तसेच उभे होते. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "गेला न्हवं आवाज?"

माझा चेहरा बघून त्यांना कळलं. मी बँड बंद केला. ते खाली बसले आणि म्हणाले, "कान जाऊन चार वर्सं झाली भाऊ. समोरच्याचं तोंड दिसलं की उमगतं, आन मोटारीचं दातांतनं हाडात येतं. कुनाला सांगू नका. लोकांना कानाचा मिस्त्री लागतो."

मी शब्द दिला. तो महिनाभर पाळलाही. मग एकदा चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या आणि माझी जीभ घसरली. बँड वाजतोय आणि मिस्त्री विचारतायत आवाज गेला का, हे मी नक्कल करून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

हसणाऱ्यांतलं कुणी वाईट नव्हतं. पण हंगाम सुरू झाला तसे पंप दुरुस्तीला नारायणगावला जायला लागले. बहिऱ्याला मोटारीतलं काय कळणार, असं लोक उघड बोलू लागले. तेच हात, तेच दात, निदानही तेवढंच अचूक. वर्षभरात त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. मिस्त्रींना काम नाही आणि माझं मशीन गुमान चाललंय, हे मला रोज दिसत होतं.

ते घोडेगावला मुलीकडे निघाले त्या दिवशी फाट्याच्या स्टँडवर भेटले. हातात एक पिशवी. मला बघून नेहमीसारखे थांबले. मी त्यांच्या पायांकडे बघत म्हणालो, "मिस्त्री, मीच सांगितलं लोकांना. माझ्यामुळं झालं हे. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "काय म्हनलात भाऊ? तोंड वर करा की."

मी तोंड वर केलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, अगदी मन लावून. तेच वाक्य फक्त पुन्हा म्हणायचं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "मशीन चांगलं चाललंय."

"मंग झालं तर," ते खुशीत म्हणाले आणि एसटीत चढले.