बंदकाकांचा दुपारचा तास

कुठलीही साइट बंद करायची झाली की बंदकाका ती आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बंद करत. आठ दिवस स्वतः सोसून बघत आणि मगच बाकीच्यांच्या वाटेला जात. जुन्या कन्नड सिनेमांची गाणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण; पण मालकांनी व्हिडिओ बंद करायला सांगितले तेव्हा पहिली गाणी गेली ती त्यांचीच. तो आठवडाभर ते चहा पिताना नुसते भिंतीकडे बघत बसायचे आणि आम्ही त्यांची मनसोक्त थट्टा करायचो.

सरस्वतीपुरममधल्या एका घराच्या मागच्या खोल्यांत आमचं ऑफिस होतं. शाळेच्या पुस्तकांची पानं जुळवणारी आम्ही पंधरा माणसं. आत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त ऑफिसच्या इंटरनेटवर, आणि त्याच्या किल्ल्या या साठीला टेकलेल्या रावांच्या हातात. कन्नड मुलं त्यांना ‘बंद अंकल’ म्हणत. मी लग्न होऊन सोलापूरहून म्हैसूरला आलेली, म्हणून माझे ते बंदकाका.

त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं, कितीतरी पिढ्यांपासून म्हैसूरचंच. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. “आमचा आज्जा कापडाला मेण लावायचा. जिथं रंग नको तिथं मेण. मी पण तेच करतो, अष्टे, एवढंच,” असं ते सांगत. स्वतःपासून सुरुवात का, असं मी एकदा विचारलं. “मेण गरम असतंय की, अम्मा. आधी आपल्या हातावर टाकून बघायचं.” मला ते अम्मा म्हणत, त्यांच्या आधी त्या खोलीत कुणी मला एवढ्या मायेनं हाक मारली नव्हती.

महागडी यंत्रणा घ्यायची मालकांची तयारी नव्हती आणि काकांना तर ती मुळीच नको होती. “सुम्ने कशाला पैसे घालवायचे?” राउटरच्या यादीत साइटची नावं टाकायची. इंटरनेटवर फुकट मिळणारी एक गाळणी जोडायची, म्हणजे जुगार आणि तसल्या साइट आपोआप अडतात. एखादा फारच हट्टाला पेटला तर त्याच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या. एवढ्याच भांडवलावर त्यांचा कारभार चालायचा. बँक, विजेचं बिल, मुलांचे निकाल मात्र दिवसभर उघडे. आणि दुपारी एक ते दोन सगळ्यांना सगळं खुलं.

त्या तासाच्या बाबतीत काका कुणाचं ऐकत नसत. मालकांचा मेव्हणा आमच्यातच बसायचा. त्याला दुपारभर क्रिकेट हवं होतं. “एकाचं नाव सवलतीत घातलं की दुसरा विचारणार, माझं का नाही? मी काय सांगू त्याला?” एवढं बोलून काका पुढच्या कामाला लागले. मेव्हणा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मलाही तेव्हा काका जरा अतिच करतात असं वाटलं होतं.

त्यांचा राउटरही त्यांच्यासारखाच जुना. लाइट गेली की तो तारीख-वेळ विसरायचा आणि दुपारचा तास भलत्याच वेळी उघडायचा. लाइट आली की काका मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि हातानं वेळ लावत. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही.

त्या वर्षी माझे वडील, आमचे दादा, सोलापूरला हॉस्पिटलात होते; ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तीन वाजता ऑपरेशन ठरलं होतं आणि मी संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. दीड वाजता बहिणीनं व्हिडिओवर त्यांना दाखवलं. दादा माझ्याकडे बघून हसले आणि तिकडे पेरू मिळतात का, असं विचारायला लागले. मी बोलत होते, पण डोळा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर. दोन वाजले की चित्र थिजणार, हे मला ठाऊक होतं. काकांना मी काही मागितलं नाही. मागून मिळणार नाही, अशी माझी खात्री होती.

दोन वाजले. चित्र थिजलं नाही. सव्वादोन झाले, अडीच झाले. दादा थकले की मीच बोलायची. मान वर केली तेव्हा काका राउटरपाशी उभे होते, मनगटावर घड्याळ नव्हतं. पावणेतीनला मालक आत आले. मेव्हण्याच्या स्क्रीनवर क्रिकेट चाललेलं, सगळ्यांचंच काही ना काही चाललेलं. “राव, अजून दोन वाजले नाहीत?” काका म्हणाले, “लाइट गेली होती, सर. वेळ चुकली. लावतोय.” मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर गरगरणाऱ्या पंख्याकडे. “सावकाश लावा,” म्हणाले आणि बाहेर गेले. दादांना आत नेईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले.

मी पोचायच्या आत दादा गेले होते. त्या लांबलेल्या तासाइतकं मौल्यवान मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही. परत आल्यावर आभार मानायला गेले, तर काका घड्याळ पुसत म्हणाले, “कशाबद्दल, अम्मा? लाइट गेली होती बघा, नोडी.”

पुढे ऑफिसात विकतची यंत्रणा आली आणि काका टी. नरसीपूरला लेकाकडे राहायला गेले. गेल्या वर्षी तिथेच वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं. भंगारात निघालेला त्यांचा राउटर मी चामराजपुरमच्या आमच्या घरी आणला होता. लेकीला संध्याकाळी सात ते आठ एक तास मिळतो. नियम म्हणजे नियम, असं मीही तिला ऐकवते.

परवा ती सोलापूरच्या आजीशी बोलत होती. आईला आता नीट ऐकू येत नाही, एकेक वाक्य तीनदा सांगावं लागतं. आठला पाच मिनिटं असताना मी उठले आणि राउटरची वेळ अर्धा तास मागे घेतली. बोलणं संपल्यावर लेकीनं विचारलं, “आई, आज बंद कसं नाही झालं?”

“लाइट गेली होती,” मी म्हणाले.

तिनं वर पंख्याकडे पाहिलं.