पास्कलकाकांचं पायडल

"तिसरा शाफ्ट मिळणार नाही," आमच्या मोपेड कंपनीच्या सर्व्हिस वर्कशॉपचे प्रमुख देवस्थळीसाहेब म्हणाले आणि क्लेमचा फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. फॉर्मवर लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता : मिसयूज. म्हणजे गाडी नीट वापरली नाही, चूक गिऱ्हाइकाची, गॅरंटी खलास.

गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसलं होतं. पास्कलकाका. मरोळच्या गावठाणातले, वय साठीच्या अलीकडे पलीकडे. घरामागे कोंबड्या पाळायचे आणि रोज सकाळी मोपेडवरून अंडी पोचवायचे. महाकालीच्या चढावरच्या बेकऱ्या, कारखान्यांच्या गेटाबाहेरचे आमलेट-पाववाले, असे चाळीसेक ठिकाणी थांबे. आधी तीस वर्षं हेच काम सायकलवर केलं. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, सायकल बंद करा नाहीतर धंदा बंद करा. म्हणून मोपेड घेतली. आता मोपेड बंद, आणि थांब्यांवर साकीनाक्याचा एक टेम्पोवाला घिरट्या घालत होता. आठवडाभर अंडी गेली नाहीत की गिऱ्हाइकं त्याची.

मोपेड कशी चालते हे थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. छोटं इंजिन, गिअर नाहीत, आणि सायकलला असतात तशी दोन पायडलं. गाडी स्टँडवर लावायची, पायडल मारायचं, इंजिन सुरू झालं की बसून निघायचं. पायडलं ज्या दांड्यावर बसवलेली असतात तो शाफ्ट. तो ज्या पितळी नळीत फिरतो तो बुश. आमच्या मॉडेलचा बुश पातळ होता; तो झिजला की शाफ्टही घासून निकामी व्हायचा. कंपनीचा हिशेब सरळ होता : माणूस दिवसातून चार-सहा वेळा गाडी सुरू करणार, तेवढ्याला हा बुश जन्मभर पुरेल. हँडबुकात लिहिलेलंच होतं, पायडलचा उपयोग फक्त इंजिन सुरू करण्यासाठी.

पास्कलकाकांच्या गाडीने वर्षाच्या आत दोन शाफ्ट खाल्ले होते. आता तिसऱ्याची पाळी होती. मॉडेल नवं असल्यामुळे सुटा शाफ्ट बाजारात मिळत नव्हता. क्लेम पास झाला तरच कंपनी पाठवणार.

"साहेब, गाडी सुरू करण्यापलीकडे ते पायडल मारतच नाहीत," मी म्हणालो. "गुडघा गेलाय त्यांचा. मी स्वतः विचारलंय."

"परब, गिऱ्हाईक कधी सांगतं का, होय, मी गाडीची वाट लावली म्हणून?"

माझं डोकं फिरलं. मी गिरणगावात वाढलो. वडील गिरणीच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे, उरलेल्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. साहेब बरोबर आणि कामकरी खोटा, हे वाक्य मला लहानपणापासून सहन होत नाही. मी म्हणालो, "तर मग मोजू या. सहा गाड्यांना काउंटर लावतो. कोण किती पायडल मारतं ते पंधरा दिवसांत कळेल. आकडाच बोलेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. दादरचे, शिस्तीचे, खिशाला दोन पेनं. फक्त त्यांनी गेल्या दहा वर्षांत फॉर्म सोडून काही चालवलं नव्हतं. "मोजा," ते म्हणाले. "पण मग आकडा बोलेल ते मान्य करायचं. दोघांनीही."

"मान्य."

काउंटर आणला तावडेमामांनी. मामा आमचे हेडमेकॅनिक, मालवणकडचे, आधी गिरणीत फिटर. गिरणीत मागावर एक छोटी डबी असते, धागा किती वेळा मारला गेला ते मोजणारी. तसल्या सहा डब्या मामांनी चोरबाजारातून शोधून आणल्या. पायडलच्या दांड्याला एक पत्र्याची जीभ जोडली. दांडा एक फेरा मारून आला की जीभ डबीचा खटका दाबणार, आकडा एकाने पुढे. पास्कलकाकांच्या गाडीला एका भंगार मोपेडचा जुना शाफ्ट घासून बसवला.

"महिनाभर काढील," मामा म्हणाले. "नंतर माका विचारू नको."

पास्कलकाकांना मी सगळं समजावलं. ते हसले. "लाव रे बाबा. आपल्याला कसली भीती? सुरू केल्यावर मी पायडल मारतच नाय. डॉक्टरनी सांगितलंय ना."

पंधरा दिवसांनी गाड्या परत आल्या. बँकेतल्या कारकुनाचा आकडा दिवसाला पन्नासच्या आत. शाळामास्तरांचा त्याहून कमी. एका वकिलाने तर गाडी दुसऱ्याकडून सुरू करून घेतली असावी असा आकडा होता. मी खुशीत शिट्टी वाजवत पास्कलकाकांच्या गाडीखाली वाकलो आणि शिट्टी थांबली. पुन्हा पाहिलं. फडक्याने डबी पुसून पाहिलं. मग कागदावर भागाकार केला.

दिवसाला हजाराच्या वर.

"आकडो बोलतलो म्हणालंस ना?" मामा माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले. "घे. बोललो."

मी पास्कलकाकांना डबी दाखवली तेव्हा माझा आवाज चढलेला होता. मी त्यांच्यासाठी साहेबांशी भांडलो होतो, आणि त्यांनी मला तोंडावर पाडलं होतं. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं मशीन बिघडलंय रे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं, आणि थोडं वाईट वाटलेलं. त्याचाच मला जास्त राग आला.

ते गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "मेल्या, ह्या डबीक मागे एक चावी असता. फिरवलंस तर आकडो मागे येता. गिरणीत मुकादम, जॉबर, तसाच करीत."

खोटं बोलणार नाही, मी ती चावी बोटात धरली. डोळ्यांसमोर पास्कलकाकांचा गुडघा दिसत होता आणि तो टेम्पो. पण वडिलांची एक शिकवण होती. पत्रकात एक आकडा खोटा छापलास, की बाकीच्या दहा खऱ्या मागण्या मालक त्याच आकड्याने मारतो. मी चावी सोडली. मात्र साहेबांकडेही लगेच गेलो नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मामांची मोपेड घेतली आणि सकाळी सहाला मरोळला पास्कलकाकांच्या दारात उभा राहिलो.

"आज तुमच्या मागे येतो."

"ये की. च्या पी आधी." काकूंनी चहा दिला, वर एक उकडलेलं अंडं हातात कोंबलं. "मोठा इंजिनेर, पण अंगात काय नाय," असा शेराही मारला.

कॅरियरवर आठ ट्रे, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेले. काका गाडीवर बसले. इंजिन चालू होतं. आणि त्यांनी काय केलं? ॲक्सिलरेटरला हातसुद्धा न लावता पायडल मारायला घेतलं. एक, दोन, तीन, सात-आठ फेरे. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. मग मूठ किंचित पिळली. इंजिनाने गाडी कधी हातात घेतली ते कळलंसुद्धा नाही.

पहिला थांबा, बेकरी. दोन ट्रे उतरवले. निघताना पुन्हा तेच. आमलेटवाला, तेच. रस्त्यात गाय आडवी आली, थांबले, निघताना तेच. मी मागून येत मोजत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. चाळीस थांबे, प्रत्येक थांब्याला सात-आठ फेरे, गाई, रिक्षा, फाटक्या पिशवीतून बटाटे सांडलेल्या बाई वेगळ्या.

मग महाकालीचा चढ आला. तिथे इंजिन कण्हायला लागलं आणि काकांचे पाय पुन्हा फिरू लागले. सावकाश, एका लयीत, वरपर्यंत. तोंडाने शेजारी आलेल्या माझ्याशी गप्पा चालू, खाली पाय चालू. चढ संपला, पाय थांबले.

वर गेल्यावर मी गाडी आडवी घातली. "काका, आत्ता काय करत होता?"

"काय करत होतो? कोंबडीखाद्याचं सांगत होतो तुला."

"खाली! पायांनी!"

त्यांनी खाली पायांकडे पाहिलं, जणू कुणा दुसऱ्याचे असावेत. "अरे देवा," ते म्हणाले. "मारतो की रे मी."

"गुडघा दुखत नाही?"

"इंजिन चालू असल्यावर जोर कुठे लागतो? नुसता हात दिल्यासारखा." मग जरा ओशाळून म्हणाले, "ती चढाला दमते ना. आपण वर मालकासारखं बसून राहायचं, बरं वाटत नाय."

ज्याच्या घरात मालकांविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे होते त्या मला हे वाक्य कधी सुचलं नव्हतं.

"आणि निघताना का मारता?"

"तू सहा ट्रे लादून पायडल न मारता निघून दाखव. मग सांगतो."

मी दाखवलं. आमच्या गाडीचा क्लच आपोआप लागायचा, इंजिनाचा वेग वाढला की झटक्याने पकडायचा. एकट्या माणसाला तो झटका कळत नाही. अंड्यांना कळतो. मागून कर्र असा आवाज आला आणि ट्यूबवरून पिवळं ओघळलं. काका नुसते हसले, आणि खिशातून फडकं काढलं. फडकं तयारच होतं.

सोमवारी मी साहेबांपुढे खरा आकडा ठेवला. त्यांनी तो वाचला, मान डोलावली. "बोलला की आकडा. ठरल्याप्रमाणे मान्य करा."

"आकडा मान्य. शब्द मान्य नाही. हा मिसयूज नाही, साहेब. ओझं घेऊन गाडी अशीच चालवावी लागते. आपला क्लच झटका देतो, तो झटका हा माणूस पायाने खातो. चढाला आपलं इंजिन कमी पडतं, ते हा भरून काढतो. आपल्या गाडीची दोन कामं तो फुकट करतोय आणि आपण त्यालाच दंड लावतोय!"

"भाषण नको, परब."

"भाषण नाही. उद्या सकाळी अंडी घेऊन तुम्ही चढ चढून दाखवा. तुमच्या हँडबुकाप्रमाणे, पायडलला पाय न लावता. एकही अंडं न फुटता वर पोचलात तर मी स्वतः त्या फॉर्मवर मिसयूज लिहितो."

वर्कशॉपमधल्या सगळ्यांच्या हातातले पाने थांबले. मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, नोकरी गेली.

"किती वाजता?" साहेबांनी विचारलं.

सकाळी साहेब इस्त्रीच्या पँटीला सायकलवाल्यासारखी क्लिप लावून आले. पास्कलकाका आठ ट्रे बांधून उभे. साहेबांनी पाय घट्ट पायडलांवर ठेवले, मूठ पिळली. झटका. कर्र.

"अगं आई गं," काका कळवळले. अंड्यांसाठी नव्हे, गाडीसाठी. "साहेब, असा कान उपटू नका तिचा. आधी पाय, मग हात. पोराला चालायला शिकवतो तसं."

"पायडल मारायचं नाही, असं ठरलंय," साहेब करड्या आवाजात म्हणाले आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा कर्र. तरी हट्टाने गाडी चढाकडे वळवली. मी आणि मामा दुसऱ्या गाडीवरून मागे.

चढाच्या मध्यावर इंजिन कण्हू लागलं. वेग चालण्याइतका उतरला. गाडी डावी-उजवीकडे डुलायला लागली. आणि मग मी पाहिलं. साहेबांची पाठ ताठ, मान ताठ, नजर समोर. आणि पाय फिरत होते. कुणी सांगितलं नव्हतं. एका लयीत, सावकाश, वरपर्यंत.

"बघ, बघ मेल्याचे पाय," मामा कुजबुजले. "लहानपणी सायकल हाकली असतली."

वर पोचून साहेब उतरले. घामाघूम, पण चेहरा वेगळाच उजळलेला. "चढली," ते म्हणाले. "तशी गाडी चांगली आहे आपली."

"साहेब, पाय," मी म्हणालो.

"पायांचं काय?"

काका मागून रिक्षाने येऊन उतरले होते. त्यांनी ते ऐकलं आणि मला हाताने गप्प केलं. "ऱ्हाऊ दे रे," ते हळूच म्हणाले. "त्यांना पण दिसत नायत."

पण साहेबांनी ऐकलं होतं. ते काही क्षण पायडलांकडे बघत उभे राहिले. खाली वाकून क्लिपा काढल्या. मग फुटलेल्या ट्रेमधली धड अंडी वेगळी करायला स्वतः काकांशेजारी बसले. क्लेमचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

चार दिवसांनी शाफ्ट आला. फॉर्मवरचा लाल शब्द खोडलेला होता आणि त्याच पेनाने खाली लिहिलं होतं : नॉर्मल यूज, भार व चढ, बुश अपुरा. खाली सही, पूर्ण नावाची. त्या सहीसाठी त्यांना हेड ऑफिसमधून दोन पत्रं आली, हे मला नंतर मामांकडून कळलं. साहेब स्वतः बोलले नाहीत.

कंपनीने चूक कबूल केली का? छे. मी त्यासाठी तीन पानांचं निवेदन लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. फक्त पुढच्या लॉटच्या गाड्या आल्या तेव्हा मामांनी एक बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. जाड होता, आणि त्याला तेलाचं भोक होतं. हँडबुकातलं वाक्य मात्र आजही जसंच्या तसं आहे.

पास्कलकाका चढ चढतायत. टेम्पोवाल्याला त्यांचे दोनच थांबे मिळाले, आणि त्यातला एक परत आला, कारण टेम्पोतली अंडी फुटतात.

या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. गिऱ्हाइकाला विचारू नका, तो काय करतो ते. तो खोटं बोलत नाही, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. ते बघायचा पगार आपल्याला मिळतो. तेव्हा एक दिवस रजा टाका आणि त्याच्या मागे जा. शक्यतो घरून नाश्ता न करता.